बेणारेबाई गप्प बसतात तेव्हा

आजचा सिनेमा, सिनेमा म्हणून मी कुणाला बघा म्हणणार नाही. पण सुलभा देशपांडेंसाठी तो बघाच.

'शांतता! कोर्ट चालू आहे', १९७१. विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने केलं, दिग्दर्शक अरविंद देशपांडे. हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला चालवतात, आरोपी करतात लीला बेणारेला. आरोप भ्रूणहत्येचा. गंमत म्हणून सुरू झालेला खेळ तिच्या खऱ्या आयुष्यात घुसतो. ती गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो प्रोफेसर दामले तिथे आलेलाच नाही!

त्याचा सिनेमा केला सत्यदेव दुबेंनी. दुबे हिंदी रंगभूमीवरचे मोठे दिग्दर्शक, पण इथे पडद्यावरही रंगमंचच दिसतो. वाक्यं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय सुटत नाही. कॅमेऱ्यावर गोविंद निहलानी, सोबत अमोल पालेकर, अमरीश पुरी. एवढी माणसं असूनही सिनेमा मध्येच जड होतो.

मग बघायचं काय? तर बेणारेचं गप्प बसणं. सुरुवातीला ही बाई सगळ्यांची टिंगल करते, गुणगुणते, एका जागी टिकत नाही. शेवटच्या अंकात मात्र तिला जवळपास वाक्यंच नाहीत. नाटकात आपण बोलणाऱ्याकडे बघतो. कॅमेरा ऐकणाऱ्या बाईजवळ जाऊ शकतो, आणि तिथे सुलभाताई काहीच 'करत' नाहीत. फक्त चेहरा हळूहळू बंद होत जातो. मला तर हे त्या गाजलेल्या स्वगताहून भारी वाटतं.

स्वगताचाही किस्सा आहे. ते आधी संहितेत नव्हतं, देशपांडेंनी हट्ट धरला म्हणून तेंडुलकरांनी लिहिलं, असं सांगतात. कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. ती मनातलं सगळं बोलते, पण बाकीचे थिजलेले, कुणालाच ऐकू जात नाही. मग निकाल: गर्भ नष्ट करा. म्हणजे ज्या गुन्ह्याचा आरोप, तीच शिक्षा!

आणखी एक. बेणारे शाळेतली बाई, आणि सुलभाताईही दादरच्या छबिलदास शाळेत शिकवायच्या. वर्गात उभं राहणं त्यांना शिकावं लागलं नाही. १९७१ मध्येच या दोघांनी 'आविष्कार' काढली, आणि पुढे त्याच शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांची छबिलदास चळवळ उभी राहिली. पुढच्या एपिसोडमध्ये तिथेच जाऊ.