बक्षिशी

ठरलेल्या मोबदल्यावर खुशीने दिलेली जादा रक्कम. दिवाळीत तिला ‘पोस्त’ म्हणतात. काम अडवून उकळली की तीच चिरीमिरी.

गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा स्थानकावर माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगड यात्रेसाठी गोंड भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीत वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याच्या हातावर काही ठेवणे शोभते. सोबत जेवायला बसवले, तर अधिकच.

गाडीतल्या तिकीट तपासनिसाचे मात्र वेगळे. जागेसाठी त्याला सरकवलेली नोट भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ नुसार लाचच; २०१८ च्या दुरुस्तीने देणाराही सामान्यतः दोषी ठरतो.

उपाहारगृहांना बक्षिशीच्या जागी बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली.