वर्गाबाहेरचा समाज

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. आड आली ती त्याची बुद्धी नव्हे, इतर विद्यार्थी शाळा सोडतील ही भीती. शाळा समाजाबाहेर नसते, हे या एका नकारातून कळते. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच सविस्तर मांडले: महसूल शेतकऱ्यांचा आणि त्यातून उच्च शिक्षण वरच्या वर्गांचे. बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण त्यांनी मागितलेच, शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातले हवेत असाही आग्रह धरला, कारण सोवळ्यातला मास्तर मुलांत मिसळत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम बोर्दोत शिक्षणशास्त्र शिकवू लागला तो यानंतर पाच वर्षांनी. शिक्षणाच्या समाजशास्त्राची आपली परंपरा म्हणूनच उसनी नाही.

मुलाचे शिकणे समाजावर अवलंबून असते, यावर आक्षेप येतो की हुशार मूल कुठूनही वर येते; उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे. पण त्यांच्या असामान्य कष्टांना बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीची जोड होती. शाहूंनी गुणवत्तेची वाट पाहिली नाही. जातवार वसतिगृहे काढली, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला, दोन वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवले. दुसरा आक्षेप असा, की समाजाकडे बोट दाखवल्याने शिक्षकाला सबब मिळते. मला उलट वाटते. गैरहजेरीमागे ऊसतोडीचे स्थलांतर आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलाला आळशी ठरवून मोकळा होऊ शकत नाही. आणि त्या मुलालाही आपले मागे पडणे हा आपलाच दोष वाटत नाही.