डोंगरगावचा सांगाडा आणि एका नावाचा निकाल

भद्रावतीहून निघा. विजासनची लेणी मागे टाका, नागपूर रस्त्याने वरोरा ओलांडा आणि डोंगरगावच्या टेकडीकडे वळा. भद्रावतीच्या पोटात जो कोळसा आहे, त्याचं वय पंचवीस कोटी वर्षांहून जास्त. इथे पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या वावरांतून चालताना तुमच्या पायाखाली त्याच्या खूप नंतरची जमीन आहे. लामेटा थर म्हणतात तिला. वय साडेसहा ते सात कोटी वर्षं. धुऱ्यावर उभे राहा आणि तेवढी वर्षं मागे जा.

हिमालय अजून उठलेला नाही. सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनणार आहे, त्याचे थर अजून या मातीवर पसरायचे आहेत. भारत आशियापासून अजून दूर असलेलं, उत्तरेकडे सरकणारं एक प्रचंड बेट आहे आणि तुम्ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला उभे आहात. समोर नदी, तिच्या पलीकडे तळं. पाण्यात मासे, काठावर कासवं, चिखलात मॅड्टसोइया नावाच्या सापाची सरपटल्याची खूण. ताडाच्या जातीची झाडं तुम्ही ओळखाल. पायाशी वाढलेल्या गवताकडे मात्र नीट पाहा, कारण 2005 पर्यंत शास्त्रज्ञांना इतक्या जुन्या काळात गवत अपेक्षितच नव्हतं. जवळच्याच पिसदुऱ्यात सापडलेल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका कण मिळाले, तेव्हा वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, हे दाखवून दिलं.

आता वर बघा. समोरच्या डायनोसॉरचे पुढचे पाय लांब, मान आखूड आणि जाड. दंडाचं एकटं हाडच जवळपास दीड मीटर, म्हणजे तुमच्या हनुवटीपर्यंत येईल. हा प्राणी इथेच मरणार आहे. नदी काठ फोडून बाहेर येईल, वाळू पसरवेल आणि त्या वाळूत व हिरवट मातीत त्याची हाडं एकमेकांजवळच दबून राहतील. पुढची सगळी गोष्ट या एका शब्दावर उभी आहे: एकमेकांजवळ.

पुढे या, 1879 सालच्या कलकत्त्यात. टेबलावर पिसदुऱ्याचे मणके आहेत. त्या गावची हाडं जगापुढे आणण्याचं श्रेय नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचं. ते 1863 मध्ये टाकळघाटाहून परतताना नदीत बुडून गेले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड लिडेकर त्या मणक्यांवरून हात फिरवतात. सगळे शेपटीचे. पुढची बाजू वाटीसारखी खोलगट, मागची गोलाकार फुगीर. जबलपूरच्या अशाच हाडांवरून दोनच वर्षांपूर्वी त्यांनी टायटॅनोसॉरस ही प्रजाती उभी केली होती. पिसदुऱ्याच्या हाडांना ते टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही नवी जात ठरवतात. त्यांना दोष देऊ नका. तोवर माहीत असलेल्या प्राण्यांत असे मणके खरोखरच वेगळे होते. पुढे युरोप, मादागास्कर, अर्जेंटिना इथूनही असे मणके निघत राहिले आणि तेही टायटॅनोसॉरसच्याच नावावर चढत गेले. एकूण चौदा जाती झाल्या.

आता 1984 ते 1986 मधल्या डोंगरगावला परत या. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन यांच्या खोदकामात तोच प्राणी वर येतो आहे. मानेचे मणके, पाठीचे, कमरेचे, शेपटीचे; फासळ्या, खांद्याचं हाड, कटिबंध, डावा पुढचा पाय. कवटी नाही, मागचे पाय नाहीत. तरीही इथे थोडा वेळ थांबा. हे सगळं एकाच प्राण्याचं आहे, आणि टायटॅनोसॉरसच्या भारतातल्या कुळासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. आता मानेची ठेवण पायाच्या लांबीशी ताडून पाहता येते, शेपटी पाठीशी जोडून पाहता येते.

1997 मध्ये जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं, अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडविन कोलबर्ट यांच्या स्मरणीय कामाच्या सन्मानार्थ. 2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी चौदाही जाती पुन्हा तपासल्या. तशी शेपटी या कुळातल्या कितीतरी प्राण्यांना असते, तेव्हा तेवढ्यावर प्रजाती ठरत नाही, असा त्यांचा निकाल. टायटॅनोसॉरस हे मूळ नावच बाद झालं. डोंगरगावचा सांगाडा मात्र टिकला, कारण त्याच्या अंगावर इतरांत न आढळणारी पुरेशी लक्षणं होती. त्याला स्वतंत्र प्रजाती मिळाली: आयसिसॉरस कोलबर्टी. त्यातलं ‘आयसि’ सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं.

माझ्या मते या परिसराचं सर्वांत मोठं देणं हेच आहे. पिसदुऱ्याने सुटी हाडं दिली आणि नावं डळमळीत राहिली. डोंगरगावने हाडांचे शेजार जपले आणि नाव पक्कं झालं.

म्हणून वरोरा-भद्रावतीकडच्या शेतकऱ्यांना, शिक्षकांना आणि मुलांना एकच विनंती. नांगरताना, विहीर खणताना दगड झालेलं हाड दिसलं तर ते उचलून घरी नेऊ नका, कुणाला विकू नका. आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा. त्याच्या शेजारची हाडं अजून मातीतच असू शकतात.