वांद्याची पाणीपाळी

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या चौरास भागात, आमच्या आसगावच्या आसपास, जुन्या मोहाच्या आणि आंब्याच्या फांद्यांवर एक आमरी, म्हणजे ऑर्किड, वाढते. पानं जाड, लांबट, मधोमध दुमडलेली. फुलं ऐन उन्हाळ्यात येतात: पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकडीच्या रेघा, मधली पाकळी जांभळट निळी आणि जवळ गेलं की येणारा मंद वास. शास्त्रीय नाव वँडा टेसेलाटा. आमच्याकडे तिला वांदा म्हणतात. पुष्कळ जण बांडगूळ समजून तोडूनही टाकतात, पण बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाही. झाडाकडून तिला फक्त बसायला जागा हवी असते.

वादळात मोडलेल्या आंब्याच्या फांदीवरचा एक वांदा माझ्या ओसरीत टांगलेला आहे. घर स्लॅबचं आणि पश्चिमेला तोंड असलेलं. मे अखेरच्या नवतपात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी ओला पंचा बघता बघता वाळतो. अशा घरात ऑर्किड जगतं का, असं येणारे-जाणारे विचारतात. जगतं. मात्र त्याला पाणी कसं द्यायचं, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. त्या काळाची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातलं एक पात्र आमच्या मोहावरचं आहे.

कोरोमंडल किनाऱ्यावर काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये या वनस्पतीचं वर्णन छापलं. त्याच सुमारास कलकत्त्यातले संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांच्या लेखनात तिचं ‘वन्दा’ हे संस्कृत नाव आलं. १८२० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी लंडनच्या ‘बोटॅनिकल रजिस्टर’मध्ये तेच नाव अख्ख्या प्रजातीला दिलं. आज जगभरच्या बाजारात मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या वँडांचं नाव असं आपल्या देशातून गेलं आहे.

नाव नीट पोचलं, झाडं मात्र पोचून मेली. इंग्लंडमध्ये सुरुवातीला अशी झाडांवर वाढणारी ऑर्किडं कुणी मातीत पुरली, कुणी परोपजीवी समजून लाकडाच्या ओंडक्यांत खोचली. पुढे जॉन लिंडली यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानेही १८३० च्या सुमारास उष्णता, दाट सावली आणि भरपूर दमट हवा यांची शिफारस केली. काचघरं बंद झाली, आत वाफ कोंडली, वारा थांबला. मुळं कुजली आणि हजारो झाडं गेली. पाणी कमी पडल्याने जेवढी मेली नसतील, तेवढी न वाळल्याने मेली.

वळण आलं इंग्लंडमधल्याच चॅट्सवर्थ इस्टेटीत. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचे मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात हवा खेळवली आणि सगळ्याच झाडांना एका तापमानात ठेवणं सोडलं. त्यांच्या हाताखालचा जॉन गिब्सन १८३५ मध्ये हिंदुस्थानात निघाला आणि खासी टेकड्यांतली ऑर्किडं घेऊन १८३७ मध्ये परतला. झाड मूळ जागी कसं राहतं हे पाहून मग त्याला पाणी द्यायचं, ही रीत हळूहळू रुजली. उघड्या टोपल्या, कोळसा, विटांचे तुकडे हे सगळं त्याच वाटेने आलं. सगळी धडपड एवढ्यासाठीच, की कुंडीत झाडाला फांदीसारखं वाटावं.

फांदीवर काय होतं, ते आमच्याकडे डोळ्यांनी दिसतं. भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. सर आली की वांद्याची मुळं चिंब होतात, ऊन पडलं की वाळतात. मुळांवर मृत पेशींचं पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. ते काही मिनिटांत पाणी ओढून घेतं आणि खालचा हिरवा रंग दिसू लागतो. वाळलं की मूळ पुन्हा रुपेरी. शिवाय वांदा पानांची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतो, म्हणून भर उन्हात पाणी राखून असतो. कोरड्या प्रदेशात जगण्याची तयारी त्याच्या अंगातच आहे.

म्हणून माझ्या ओसरीत घड्याळापेक्षा मुळांचा रंग पाहून पाणी दिलं जातं. सकाळी मुळं रुपेरी दिसली की ती सगळी हिरवी होईपर्यंत भिजवायची. नवतपात संध्याकाळी आणखी एक पाळी द्यायची, पण पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही. पावसाळ्यात हात आवरायचा, थंडीत दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवायचं. फुटक्या कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, तुकडे आणि कोळसा घातलेली लाकडी पट्ट्यांची टोपली त्याला पुरते. माती नको, तळाशी बशी नको. बोअरच्या पाण्याने मुळांवर क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून पावसाचं पाणी साठवून वापरायचं. वांद्याऐवजी नर्सरीतून शेवाळात बसवून आलेलं फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड असेल, तर शेवाळ वरून कोरडं होऊ द्यावं आणि झाड पूर्वेच्या खिडकीत ठेवावं. पश्चिमेचं ऊन त्याला सोसत नाही. कूलरच्या थेट झोतातही ते नको.

पाळीने पाणी देणं आमच्या भागाला नवीन नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. तलावाच्या बांधामागे अडवलेलं पाणी पाटाने धानाच्या बांध्यांना वेळ पाहून सोडलं जाई. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि पुष्कळ ठिकाणी गाळाने भरले. धानाला कधी उभं पाणी हवं आणि कधी बांधी फोडायची, हे जाणणारी माणसं मात्र अजून गावोगाव आहेत. त्यांना वांद्याचं पाणी समजावून सांगायला दोन वाक्यं पुरतात.

आता चिंता आहे ती फांद्यांची. वांद्याचं बी धुळीइतकं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळपास नसतंच. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि फुलावर यायला वर्षं लागतात. रस्ता रुंद करताना एक जुना मोह पडला, की त्याच्यावरची आमऱ्यांची सगळी वस्ती जाते. म्हणून जिवंत झाडावरचा वांदा कुणीही ओरबाडून घरी आणू नये. पडलेल्या फांदीवरचा मिळाला तर तो जगवावा, आणि अंगणात मोठं झाड असेल तर त्याच्याच खोडाला सुतळीने बांधावा. एका पावसाळ्यात मुळं साल धरतात. पुढचं पाणी त्याचं तो बघतो.