नरक्याचे झाड

बेळगावाहून आंबोलीच्या वाटेने गेले म्हणजे सह्याद्रीचे जे रान लागते, त्यात एक लहानसा वृक्ष आढळतो. त्याच्या दुर्गंधीमुळे मराठीत त्यास नरक्या म्हणतात. कानडीत ‘दुर्वासने मर’. सीमेवरील दोन्ही भाषांचे या बाबतीत तरी एकमत आहे!

या झाडाचे दैव फिरले ते दूर अमेरिकेत. १९६६ साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. वाणी हे जन्माने आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये मुंबईतील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात मिळाले. हल्ली वनस्पतींतील अँटिऑक्सिडंटांचा गवगवा फार. परंतु या द्रव्याची करणी निराळीच आहे. डीएनएचा पीळ सोडविण्यासाठी त्याचा धागा कापून पुन्हा सांधणारे एक एन्झाइम पेशीत असते. हे द्रव्य त्याला कापलेल्या धाग्यावरच जखडून टाकते. सांधणे राहून जाते आणि वाढणारी पेशी मरते. त्यापासून बनविलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

भुर्दंड पडला तो झाडाला. खोडामुळांत हे द्रव्य अत्यल्प. म्हणून झाडेच्या झाडे तोडली गेली, चोरटी वाहतूक सुरू झाली. तोडणाऱ्या गरिबाच्या हाती मजुरीपलीकडे काय लागले असेल, हे सांगावयास नको.

२००५ साली नरक्याच्याच सालीत राहणारी एक बुरशी जम्मूच्या संशोधकांना सापडली. तीही हे द्रव्य तयार करते. मात्र कारखान्याला पुरेल इतके देणे तिला अद्याप साधलेले नाही.