अंगणातले सागवान

सागवानाला पाऊस काय करणार, हा मराठी घरांतला जुना भरवसा. अंबत्तूरला आलेल्या आम्हां मराठी कुटुंबांनी तोही बरोबर आणला. इतिहास पाहता तो निराधार नव्हता. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' युद्धनौका बांधली. ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे.

परंतु अशा जहाजबांधणीपायीच मलबारची राने विरळ झाली आणि तेथील कलेक्टर कॉनोली यांना १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभावी लागली. चातू मेनन यांनी ती यशस्वी केली. पुढे बाजारात लागवडीचा साग येऊ लागला. लवकर तोडलेल्या झाडात टिकाऊ गाभा थोडा, बाहेरचे कोवळे लाकूड अधिक. आणि ते वाळवी व बुरशी सोडीत नाहीत.

म्हणून अंगणातल्या बाकावर आता संस्कार हवेत. लाकूड पुरते वाळवावे, रेषांच्या ओघाने काचकागद फिरवावा, जवसाचे तेल पातळ हातांनी जिरवावे व उरलेले पुसावे. दाट थरावर दमट हवेत बुरशी धरते. पायांचे तळ पाणी सर्वाधिक शोषतात, त्यांना तेल आधी द्यावे.

कोकणात हे काम वैशाखात उरकतात, कारण पुढे मृग असतो. अंबत्तूरचा मोठा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरचा. वैशाखातल्या तेलाचा कस तोवर येथल्या उन्हात उतरतो. तेव्हा आपण येथे भाद्रपदातले कोरडे चार दिवस साधावेत, हेच बरे.