हातात पैसे आहेत, पण जवळ दुकानच नाही! अमेरिकेतलं 'फूड डेझर्ट' म्हणजे नेमकं काय?

तारीख होती २९ मे १९६१. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वेल्च नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या हेंडरसन्स सुपरमार्केटमध्ये अल्डरसन मन्सी आणि त्यांची बायको सामान घ्यायला आले. घरात खाणारी तोंडं १५. त्यांनी ९५ डॉलरचे 'फूड स्टॅम्प' घेतले होते. त्या कुपनांवर त्यांनी सगळ्यात आधी विकत घेतला तो डुकराचं मांस आणि घेवड्याचा एक डबा.

एवढ्याशा खरेदीची नोंद इतिहासात झाली, कारण अध्यक्ष जॉन केनेडी यांनी सुरू केलेल्या नव्या फूड स्टॅम्प योजनेतला तो पहिला व्यवहार होता. आज त्याच योजनेला 'स्नॅप' म्हणतात आणि अमेरिकेतले कोट्यवधी लोक तिच्यावर घर चालवतात.

आता ट्विस्ट बघा. वेल्च हे मॅकडॉवेल काउंटीचं मुख्य ठिकाण. जिथून गरिबांच्या हातात अन्नासाठी पैसे द्यायला सुरुवात झाली, त्याच काउंटीत आज अडचण अशी की कार्डावर पैसे असले तरी ताजी भाजी घ्यायला लांबवर गाडी काढावी लागते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, पण बऱ्याचदा लोकसंख्येने एखाद्या तालुक्याहून लहान प्रशासकीय क्षेत्र.

या परिस्थितीला नाव आहे 'फूड डेझर्ट'. म्हणजे अन्नाचं वाळवंट. सोप्या भाषेत समजून घेऊ.

फूड डेझर्ट कशाला म्हणतात?

हा शब्द १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये रुळला आणि तिथून अमेरिकेत गेला. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्याचं मोजमाप ठरवलं. त्यात दोन अटी आहेत.

पहिली अट गरिबीची. त्या भागात किमान २० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असले पाहिजेत, किंवा तिथल्या कुटुंबांचं मधलं उत्पन्न आसपासच्या प्रदेशाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असलं पाहिजे.

दुसरी अट अंतराची. किमान ५०० लोक किंवा ३३ टक्के लोकसंख्या मोठ्या किराणा दुकानापासून लांब राहत असली पाहिजे. लांब म्हणजे शहरात १ मैल, म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं पुढे. ग्रामीण भागात १० मैल, म्हणजे साधारण १६ किलोमीटर.

आता तुम्ही म्हणाल, १६ किलोमीटर म्हणजे काय मोठं? आपल्याकडे तर लोक आठवडी बाजाराला याहून लांब जातात. खरंय. पण आपल्याकडे एसटी असते, वडाप असतं, गावात छोटं का होईना किराणा दुकान असतं आणि दारावर भाजीवाला येतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागात यातलं जवळपास काहीच नसतं. गाडी असेल तर सामान, गाडी नसेल तर शेजाऱ्याची विनवणी. मॅकडॉवेलमध्ये तर सगळे डोंगर आणि दऱ्यांमधले अरुंद वळणाचे रस्ते आहेत.

मॅकडॉवेलवर ही वेळ आली कशी?

याचं उत्तर कोळशात आहे. इथल्या खाणींनी एकेकाळी अमेरिकेचे पोलादाचे कारखाने पेटते ठेवले. १९५० मध्ये काउंटीची लोकसंख्या होती ९८,८८७. 'ऑक्टोबर स्काय' हा १९९९चा सिनेमा पाहिला असेल, तर त्यातलं रॉकेट उडवणाऱ्या पोरांचं कोलवूड गाव याच काउंटीतलं.

नंतर खाणीत यंत्रं आली, माणसं कमी लागायला लागली. १९८०च्या दशकात पोलाद उद्योगाला उतरती कळा लागली आणि मोठ्या कंपन्यांनी इथल्या खाणी बंद केल्या. कामाच्या शोधात तरुण बाहेर पडले. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या उरली १९,१११. म्हणजे ७० वर्षांत पाचातली चार माणसं कमी झाली. मागे राहिले त्यात म्हातारे, आजारी आणि पेन्शनवर जगणारे जास्त.

माणसं गेली तशी दुकानंही गेली. २००५ मध्ये किंबल गावात वॉलमार्टचं सुपरसेंटर उघडलं. किराणा, भाजी, औषधं, कपडे, सगळं एका छपराखाली. लोकांना भेटायचीही तीच जागा झाली. पण जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करायची घोषणा केली. त्यातली १५४ अमेरिकेतली होती आणि त्यात किंबलचं दुकानही होतं. महिनाअखेरीस शटर खाली आलं.

एका दुकानासोबत तीन गोष्टी गेल्या. सुमारे १४० नोकऱ्या गेल्या. काउंटीला मिळणारा कर गेला. आणि गरिबांना फुकट अन्न वाटणाऱ्या तिथल्या फूड बँकेला या दुकानातून येणारा माल थांबला. म्हणजे गरज वाढली त्याच महिन्यात मदत आटली.

वेल्चसारख्या ठिकाणी किराणा मिळतो, म्हणजे काउंटीत काहीच नाही असं नाही. पण दरीच्या टोकाला राहणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसाला त्या दुकानाचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच.

मग दुसरं कुणी दुकान का टाकत नाही?

कारण किराण्याच्या धंद्यात नफा फार कमी. १०० डॉलरच्या विक्रीमागे साधारण १ ते ३ डॉलर सुटतात. हा धंदा चालतो तो प्रचंड विक्रीवर. गिऱ्हाईक कमी असेल तर भाजी, दूध, मांस पडून सडतं आणि तो तोटा दुकानदाराच्या माथी. फ्रीजचं वीजबिल मात्र गिऱ्हाईक आलं काय, नाही आलं काय, तेवढंच येतं.

त्यात मालाचा ट्रक कमी मालासाठी डोंगरात यायला तयार नसतो, आणि आला तरी छोट्या दुकानाला मोठ्या साखळीसारखा घाऊक भाव मिळत नाही. म्हणून तिथे माल महाग, म्हणून गिऱ्हाईक बाहेर जातं, म्हणून दुकान आणखी अडचणीत. असं हे दुष्टचक्र आहे.

ही जागा भरून काढली डॉलर स्टोअर्सनी. डॉलर जनरल या कंपनीची अमेरिकेत २० हजारांहून जास्त दुकानं आहेत आणि त्यातली बरीच छोट्या गावांत आहेत. तिथे डबाबंद पदार्थ, चिप्स, कोल्ड्रिंक, साबण मिळतो, स्नॅपचं कार्डही चालतं. आता काही हजार दुकानांत फळं-भाज्या ठेवायला सुरुवात झालीय, पण सगळीकडे नाही. टीकाकारांचं म्हणणं, ही दुकानं गावातल्या उरल्यासुरल्या किराणा दुकानाचं गिऱ्हाईक खेचतात. गावकऱ्यांचं म्हणणं, निदान काहीतरी मिळतंय ना. दोन्हीत तथ्य आहे.

रेशनसारखं काही नाही का?

आपल्याकडे ५ लाखांहून जास्त रेशन दुकानं आहेत आणि तिथे सरकार धान्यच देतं. अमेरिकेत स्नॅपमध्ये कार्डावर पैसे येतात, सामान खाजगी दुकानातून घ्यायचं. म्हणजे दुकान असेल हे योजनेने गृहीत धरलंय. शिवाय या कार्डावर पेट्रोल घेता येत नाही. दुकान जेवढं लांब, तेवढा खर्च खिशातून.

त्यातही हे पैसे पक्के नसतात. जुलै २०२५ च्या कायद्याने कामाची अट कडक केली. लहान मुलं नसलेल्या धडधाकट माणसांना ती आधी ५४ वर्षांपर्यंत होती, ती ६४ पर्यंत नेली. जिथे खाणी बंद, दुकानं बंद, तिथे काम दाखवायचं कुठून, हा मॅकडॉवेलसारख्या काउंटीचा प्रश्न आहे.

सुपरमार्केट उघडलं की प्रश्न सुटतो का?

इथे गोष्ट थोडी अवघड होते. २०१९ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हजारो कुटुंबांची खरेदी तपासल्यावर त्यांना दिसलं की, नवीन सुपरमार्केट उघडलं तरी लोकांच्या खाण्यात फारसा फरक पडत नाही. गरीब आणि श्रीमंत यांच्या आहारातल्या पौष्टिकतेची जी दरी आहे, त्यातला जेमतेम १० टक्के भाग दुकान आणि किमतींमुळे आहे. बाकीचा भाग लोक काय निवडतात त्यातून येतो.

मग दुकानाचा मुद्दा खोटा का? तसं नाही. निवड हवेतून येत नाही. हातातला पैसा, वेळ, लहानपणापासूनची सवय, शिक्षण, सगळं त्यात येतं. महिन्यातून एकदाच गाडी मिळणार असेल तर माणूस पालेभाजी कशाला घेईल? तो महिनाभर टिकेल तेच घेणार. आणि हा अभ्यास सगळ्या देशाच्या सरासरीचा आहे. सरासरी कुटुंबाकडे गाडी असते. दरीतल्या एकट्या आजीकडे नसते.

काही गावांनी स्वतः दुकान चालवून पाहिलं. फ्लोरिडातल्या बाल्डविन गावातलं एकमेव किराणा दुकान बंद पडलं, तेव्हा २०१९ मध्ये नगरपालिकेनेच दुकान सुरू केलं. देशभर कौतुक झालं. पण २०२४ मध्ये तेही बंद झालं. गाव एकत्र आलं तरी गणित बदलत नाही, हे त्यातून दिसलं. ऑनलाइन किराण्यावर आता स्नॅप चालतं, पण डिलिव्हरीची गाडी तुमच्या दारापर्यंत येत असेल तरच.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का?

एका आकड्यावरून समजेल. २०१० च्या आकडेवारीनुसार मॅकडॉवेलमधल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान होतं ६३.९ वर्षं. शेजारच्याच व्हर्जिनिया राज्यातल्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीत ते जवळपास ८२ होतं. एकाच देशात, काही तासांच्या अंतरावर, १८ वर्षांचा फरक. याला फक्त किराणा दुकान जबाबदार नाही. खाणीतली धूळ, व्यसन, दवाखान्यांची कमतरता, बेरोजगारी, सगळंच आहे. पण रोज ताटात काय येतं, हे त्यातलं एक कारण नक्की आहे.

१९६१ मध्ये मन्सी कुटुंबाकडे पैसे नव्हते, दुकान होतं. सरकारने पैशांची सोय केली. आज त्याच डोंगरात राहणाऱ्या कित्येकांच्या हातात कार्ड आहे, पण दुकान डोंगरापलीकडे आहे. म्हणूनच 'अन्न मिळतं का?' हा प्रश्न विचारताना पैसे आहेत का, एवढंच विचारून भागत नाही. दुकान किती लांब आहे आणि तिथे जायचं कसं, हेही विचारावं लागतं.